चिलखत उकलावे की टाकावे?

शाळांची स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत उरकतात, 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची मिरवणूक निघते आणि त्यानंतर घरोघरी एक प्रश्न कोपऱ्यात पडून राहतो. मावळ्याचे फोमशीटचे चिलखत, सनबोर्डाची ढाल, पाण्याच्या मोठ्या बाटलीतून कापलेली खांदेपट्टी, या साऱ्याचे आता करायचे काय? वर्धा जिल्ह्यात आर्वी असो, हिंगणघाट असो, की समुद्रपूरकडचे एखादे लहान गाव, असे सामान हल्ली पालक आणि शिक्षक घरीच बनवतात. पोशाख भाड्याने आणण्यापेक्षा ते स्वस्त पडते आणि लेकराच्या मापाचे होते. अडचण येते ती पुढच्या वर्षी. मूल चार बोटे वाढलेले असते, छातीपट आखूड पडतो. धाकट्याला द्यावा तर त्याला तो ढगळ होतो. किंवा मावळ्याच्या चिलखताचे अर्जुनाचे कवच करायचे असते. भाग सुटे करायला जावे तर गोंद सुटत नाही आणि जोर लावला तर प्लास्टिकच फाटते. मग जुने चिलखत उकिरड्यावर जाते आणि बाजारातून नवी शीट येते.

चिकटलेले भाग सुटे करण्याचा खटाटोप करावा, की जुने टाकून नवे करावे? प्रश्न लहान दिसतो, पण त्यात पैसा आहे, कचरा आहे, मुलांची सुरक्षा आहे आणि हाताने काम करण्याची शिकवणही आहे. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून ते नीट तोलून पाहिले पाहिजे.

सुटे करण्याच्या बाजूने पहिला मुद्दा कचऱ्याचा. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली आणि सजावटीचे थर्माकोल तिच्या कक्षेत आले. 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. त्यानंतर हौशी कामातली थर्माकोलची जागा बऱ्याच अंशी फोमशीट आणि सनबोर्डाने घेतली. या वस्तू कायद्याने चालतात, पण त्यांचा कचरा त्यामुळे सोपा होत नाही. फोम, पीव्हीसी, कापड, सोनेरी कागद आणि गोंद एकमेकांना घट्ट चिकटले की भंगारवालाही ते घेत नाही. त्याला एका जातीचा माल वेगळा लागतो. असे चिलखत कुजत नाही आणि विकलेही जात नाही. गावात ते बहुतेक वेळा पेटवले जाते. सनबोर्ड म्हणून मिळणारा पत्रा बहुधा फुगवलेल्या पीव्हीसीचा असतो आणि पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. घसा आणि डोळे झोंबवणाऱ्या त्या धुराजवळ लेकरे उभी असतात. भाग सुटे झाले तर निदान फोम पुन्हा वापरता येतो, बाटलीचे प्लास्टिक भंगारात देता येते आणि पाइप पुढच्या तलवारीच्या मुठीला लागतो.

दुसरा मुद्दा शिक्षणाचा, आणि वर्ध्यात तो टाळून पुढे जाताच येत नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी याच शहरात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीम आकाराला आली. मूल सूत कातताना गणित शिकते, शेतात काम करताना विज्ञान शिकते, हा त्या विचाराचा गाभा. चिकटलेली जोड सोडवण्यातही तेवढेच विज्ञान आहे. हे प्लास्टिक पाण्यावर तरंगते की बुडते, हा गोंद उष्णतेने मऊ होतो की थंडीने ठिसूळ, ओढले तर सुटतो की सोलले तर सुटतो, हे प्रश्न सातवी-आठवीच्या मुलाला स्वतःच्या चिलखतावर पडले तर पदार्थविज्ञानाचा एक धडा हातात येतो. वस्तू बिघडली की फेकायची नसते, ती कशी बनली ते आधी समजून घ्यायचे असते, ही सवय त्या धड्याहून मोठी.

आता दुसरी बाजू. ती आळशी लोकांची बाजू म्हणून झटकून टाकता येणार नाही. गोंद सोडवायचा म्हटले की पहिला उपाय सुचवला जातो तो थिनरचा, नाहीतर नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा. त्या द्रवात बहुधा ॲसिटोन असते. ॲसिटोन शून्याखालच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे फरशीलगत पसरत दूरच्या शेगडीपर्यंत पोचू शकते. बंद खोलीत, बाजूला देवघरातला दिवा तेवत असताना हे काम करणे म्हणजे आगीला बोलावणे. थिनर आणि चपलांच्या गोंदात टोल्यूइनसारखी द्रावणे असतात. अशा द्रावणांचा वास हुंगण्याचे व्यसन शाळकरी वयातल्या मुलांना लागते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. चिलखत वाचवण्याच्या नावाखाली ही बाटली वर्गात आली, तर वाचलेल्या फोमशीटपेक्षा तिची किंमत फार जास्त मोजावी लागेल.

शिवाय वेळेचा हिशेब आहे. एका शिक्षिकेकडे वर्ग असतो, परीक्षा असतात, शासनाचे अहवाल असतात. पंधरा चिलखतांची एकेक जोड सोडवत बसायला तिला सांगणे न्यायाचे नाही. आणि काही जोडी सुटतच नाहीत. पीव्हीसी पाइपचे सोल्यूशन किंवा ॲक्रिलिक जोडायचे पातळ द्रावण हे खऱ्या अर्थाने गोंद नव्हेच. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवते, दोन्ही बाजूंचे रेणू एकमेकांत मिसळतात आणि द्रावण उडून गेले की मागे एकसंध प्लास्टिक उरते. तिथे सोडवण्यासारखा थरच शिल्लक नसतो. अशा जोडीशी झगडणारा माणूस वेळ घालवतो आणि बऱ्याचदा बोटही कापून घेतो.

म्हणजे उत्तर सरसकट असू शकत नाही. ते दोन गोष्टींवर ठरते: प्लास्टिक कोणते आणि गोंद कोणता. हे दोन्ही ओळखणे वाटते तितके अवघड नाही. बाटली-डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट, 2 आणि 4 म्हणजे पॉलिथिन, 3 म्हणजे पीव्हीसी, 5 म्हणजे पॉलिप्रोपिलिन, 6 म्हणजे पॉलिस्टायरिन. थर्माकोल याच सहाव्या जातीतले. आकडा नसेल तर एक तुकडा पाण्यात टाकावा. फुगवलेल्या शीटला ही कसोटी लागू नाही, पण भरीव तुकडा तरंगला तर तो पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिन असण्याची शक्यता मोठी. ही शुभवार्ता समजावी, कारण या दोन्हींवर गोंद मुळात नीट धरत नाही. जुन्या बादलीपासून केलेल्या ढालीची मूठ बोथट सुरीने कडेकडेने उचकटली तरी बहुधा निघून येते.

सर्वांत जास्त वापर होतो तो फेविक्विकसारख्या झटपट गोंदाचा, म्हणून तो जरा जवळून पाहू. त्याचे रासायनिक नाव सायनोॲक्रिलेट. अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमधील हॅरी कूवर यांच्या गटाला बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हा पदार्थ सापडला आणि तो सगळ्यालाच चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला. त्याचा उपयोग 1951 मध्ये लक्षात आला आणि 1958 पासून तो विकला जाऊ लागला. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने तो घट्ट होतो. जोडीला सरळ ताणले किंवा दोन भाग एकमेकांवरून सरकवू पाहिले तर तो हार जात नाही. पण कडेने सोलले, पिळले किंवा झटका दिला तर तो तडकतो, कारण तो कडक आणि ठिसूळ असतो. थंडीत हा ठिसूळपणा आणखी वाढतो.

या स्वभावातच त्याला सोडवायची वाट आहे. समजा, छातीपटावर खांदेपट्टी अशा गोंदाने बसवली आहे. तो भाग पिशवीत गुंडाळून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवावा. बाहेर काढल्याबरोबर जोडीच्या एका टोकाशी पातळ, बोथट पाते घालावे आणि हलका पीळ द्यावा. कटकन आवाज आला की थर तडकला असे समजावे. तरी नाही सुटली, तर दात साफ करायचा धागा किंवा मासेमारीचा तंगूस फटीत घालून करवतीसारखा पुढेमागे ओढावा. नायलॉन मांजा यासाठी वापरू नये. त्यावर बंदी आहे आणि तो बोट कापतो. त्यानंतरच ॲसिटोनचा विचार, तोही प्लास्टिक पाहून. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिनला ॲसिटोनने सहसा काही होत नाही. थर्माकोल त्यात पाहता पाहता विरघळतो, पीव्हीसी फुगून मऊ पडते, ॲक्रिलिकवर बारीक तडे उमटतात. म्हणून आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इथे कापसाच्या जिल्ह्याला एक इशारा द्यायलाच हवा. ओला सायनोॲक्रिलेट सुती कापडाला किंवा कापसाला लागला तर तो फार वेगाने घट्ट होतो आणि त्या क्रियेत इतकी उष्णता निघते की कातडी भाजते. गोंद जास्त असेल तर धूरही निघू शकतो. सांडलेला गोंद कापसाच्या बोळ्याने पुसणे, किंवा सुती कुर्ता अंगात असताना त्यावर चिलखत चिकटवणे, या दोन्ही गोष्टी घरोघरी सहज घडतात. त्या घडू देऊ नयेत. बोटे चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणपाण्यात भिजवून हळूहळू फिरवत सोडवावीत. गोंद डोळ्यात किंवा तोंडात गेला तर घरचे उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.

बाकीच्या गोंदांचे थोडक्यात सांगता येईल. ग्लू गनचा गोंद उष्णतेने वितळणारा असतो. केस वाळवायच्या यंत्राने तो मऊ होतो, किंवा त्याच्या कडेला स्पिरिट सोडले तर गुळगुळीत प्लास्टिकवरची त्याची पकड सुटते. स्पिरिट वापरायचे असेल तर उष्णता वापरायची नाही. दोन्ही एकत्र आले तर आग लागते. उष्णतेने हा गोंद मऊ होतो, हा धडा विदर्भातल्या उन्हाळ्याने अनेकांना फुकट दिला आहे: टिनाच्या छताखालच्या पेटीत ठेवलेले ग्लू गनचे काम मे महिन्यात आपोआप ढिले पडते. फोमशीटवरचा रबरी, चपलांचा गोंद गरम हवेने सैल होतो आणि हळूहळू सोलून निघतो. पांढरा फेविकॉल कोमट पाण्यात भिजवला की फुगून मऊ होतो. दोन नळ्यांतले मिश्रण करून लावलेला इपॉक्सी मात्र मऊ व्हायला चांगली उष्णता मागतो, आणि तोवर प्लास्टिकच हातचे जाते: पेटची बाटली 70-75 अंशांच्या आसपास आणि पीव्हीसी सुमारे 80 अंशांना आकार सोडू लागते. म्हणून बाटलीच्या किंवा सनबोर्डाच्या भागावर उकळते पाणी ओतू नये. इपॉक्सी आणि द्रावणाने जोडलेले भाग जोडीच्या अलीकडून कापून घ्यावेत आणि उरलेला पत्रा लहान मापाच्या कामाला वापरावा.

या साऱ्याकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. सोडवण्याची निम्मी मेहनत ही जोडताना न केलेल्या विचाराची भरपाई असते. खऱ्या चिलखतांच्या कारागिरांनी हा विचार केला होता. मोगल आणि मराठा काळात वापरले जाणारे चार-आईना हे चिलखत म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे. ते चामड्याच्या पट्ट्यांनी आणि बकलांनी एकमेकांना बांधलेले असत. कड्यांचे चिलखत तर हजारो सुट्या कड्यांचेच. एक पत्रा वाकला तर तो बदलता येई, योद्ध्याचे अंग भरले तर पट्टा सैल करता येई. जिवावरच्या लढाईत टिकलेली वस्तू सुटी होणारी होती, आणि आपण तीन तासांच्या कार्यक्रमासाठी कायमची चिकटवतो. पुस्तक बांधणारे खळ वापरतात, व्हायोलिन बनवणारे सरस वापरतात, कारण ओलाव्याने किंवा उबेने ती जोड पुन्हा उघडता येते. संग्रहालयातल्या जतनकामातही शक्यतो पुढे काढता येईल असाच गोंद वापरावा, असे तत्त्व आहे. ज्यांना वस्तू दीर्घकाळ टिकवायच्या असतात, ते जोड उघडण्याची वाट आधी मोकळी ठेवतात.

रंगमंचाचीही हीच मागणी आहे. कर्णाची भूमिका करणाऱ्या मुलाला प्रेक्षकांसमोर कवच उतरवून इंद्राला द्यावे लागते. गोंदाने अंगाभोवती बंद केलेले कवच तिथे प्रसंगच बिघडवते. जानेवारीच्या दुपारी मैदानावर तासभर उभ्या असलेल्या लहान मुलाला घाम फुटला, चक्कर आली तर चिलखत क्षणात निघाले पाहिजे, हे त्याहून महत्त्वाचे.

यावर कुणी म्हणेल की मुळात प्लास्टिकच कशाला? ज्या वर्ध्यात 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जिथे जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत खेड्याच्या उद्योगांचा पाया घातला, जिथे 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले, तिथे पुठ्ठा, कागदाचा लगदा, तागाचे गोणपाट आणि जाडेभरडे सुती कापड यांचेच चिलखत शोभते. हा आक्षेप आम्हाला मोलाचा वाटतो. लगद्याचा जिरेटोप हलका होतो, रंग छान धरतो आणि शेवटी मातीत मिसळतो. त्याच्याही मर्यादा मान्य केल्या पाहिजेत: पावसाळ्यात तो ओल धरतो, वाळवीच्या तोंडी लागतो आणि वाळायला दिवस घेतो. पण नव्या कामाला तो पहिला पर्याय असावा, यात दुमत नको. तरीही घरात आधीच असलेल्या प्लास्टिकच्या चिलखताचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तत्त्वाच्या नावाने ते फेकून दिले, तर कचराच वाढतो.

तेव्हा आमचा निर्णय असा. जुने चिलखत सरसकट टाकू नये आणि सरसकट सोडवतही बसू नये. फ्रीजर, धागा, कोमट पाणी, गरम हवा एवढ्यावर जी जोड सुटते, ती सोडवावी. हे काम मोठ्यांच्या नजरेखाली मुलांनी जरूर करावे. ॲसिटोन आणि थिनर शाळेत आणूच नये. घरी वापरायचे तर मोठ्या माणसाने, उघड्या अंगणात, विस्तवापासून दूर, मुलांना बाजूला ठेवून वापरावे. इपॉक्सीने आणि द्रावणाने पक्क्या झालेल्या जोडीशी झगडू नये, कापून उरलेला पत्रा वापरावा. आणि काहीही झाले तरी चिलखत पेटवू नये.

नव्या चिलखतासाठी नियम याहून सोपा आहे. ज्या जोडीवर माप ठरते, म्हणजे खांदा, कुशी आणि पाठ, तिथे गोंद लावूच नये. चपलांच्या दुकानात मिळणाऱ्या रिंगा ठोकून त्यांतून सुती नाडी ओवावी, किंवा वेल्क्रोची पट्टी शिवून लावावी. गोंद फक्त नक्षी आणि सोनेरी काठाला ठेवावा. आणि आतल्या बाजूला मार्करने दोन शब्द लिहावेत: प्लास्टिक कोणते, गोंद कोणता. पुढच्या वर्षी हे चिलखत ज्याच्या हाती जाईल, त्याचा अर्धा त्रास तिथेच वाचेल.

हे सगळे एकट्या शिक्षिकेच्या खांद्यावर टाकायचे नाही. शाळा व्यवस्थापन समितीने संमेलनाच्या आधी पालकांची एक सभा याच कामासाठी घ्यावी, शिवणकाम आणि चामड्याचे काम जाणणाऱ्या गावातल्या माणसांना बोलवावे आणि शाळेची म्हणून आठ-दहा नाडीबंद चिलखते तयार करून पेटीत ठेवावीत. ज्याच्या घरी फोमशीट घ्यायला पैसे नाहीत, त्या मुलालाही मग मावळा होता येईल. पुढचे स्नेहसंमेलन डिसेंबरात आहे. त्याची तयारी दिवाळीच्या सुट्टीत, जुनी पेटी उघडून सुरू करावी, ही जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला आणि पालकाला आमची विनंती आहे.